सहा वाजून एक मिनिट

१९ सप्टेंबर २०१३, गुरुवार

शंभरपैकी शंभर! सकाळी गुडगावहून निकाल आला. आपल्या नऊच्या नऊ सप्लायरांची सहा महिन्यांत एकही पोच उशिरा नाही, एकही ऑर्डर हरवलेली नाही. अरोरा मॅडम गुडगावच्या त्या दुकानसाखळीत सप्लायरांचं सगळं बघतात. एरवी कुणाला बरं म्हणायचं तर जिवावर येतं त्यांच्या. पण आज फोनवर म्हणाल्या, बनारससारखं चोख काम दिल्लीवालेही करत नाहीत. मी "थँक्यू मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवून खुर्चीतच एक गिरकी घेतली. बिंदू म्हणाला, लता, खुर्ची मोडेल.

म्हातारपणी वाचायला लिहून ठेवते. त्या साखळीची दीडशे दुकानं. त्यांची मशीन ऑर्डर काढते ती आकड्यांच्या आणि खुणांच्या भाषेत. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की अख्खी ऑर्डर परत! ती भाषा आमच्या लोकांना कुठून येणार? कुणी लाकडी खेळणी करतं, कुणी अगरबत्ती, कुणी लोणचं. म्हणून मधे आम्ही. मी आणि बिंदुमाधव, मंगला गौरीच्या गल्लीत दोन खोल्या. गुडगावची ऑर्डर आमच्या सर्व्हरवर येते, तिथून साध्या हिंदीत होऊन सप्लायरच्या स्क्रीनवर जाते. त्याने वाचली की तो बटण दाबतो, आणि मग गुडगावला पोच जाते — ऑर्डर मिळाली, माल देतो. ऑर्डर सकाळी सहाला येते. आठच्या आत पोच गेली पाहिजे, हा त्यांचा नियम.

बटण ही माझी अक्कल. बाकीचे कंपनीवाले आपल्या मशीनला ऑर्डर मिळाली की पोच धाडून मोकळे. मी साफ नाही म्हटलं. माणसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोच जाणार नाही म्हणजे नाही. बाबांनी पस्तीस वर्षं याच गल्ल्यांत डाक वाटली. रजिस्टर पत्राची पोचपावती, ज्याची त्याची सही घेतल्याशिवाय कधी परत आणली नाही. मी त्यांचीच मुलगी.

आणि प्रेमलाकाकू! गंगेपलीकडे रामनगरला तिचा लोणच्याचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, अंगण, दोन खोल्या आणि अकरा बायका. आधी तिची सून शरदिनी बटण दाबायची. जूनमध्ये मुलाची बदली झाली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं नागपूरला गेली. मला वाटलं, आता काकूची पंचाईत. कुठलं काय! तेव्हापासून तिची पोच सहा वाजून एक मिनिटाला. नऊ जणांत पहिली, त्रेसष्ट वर्षांची बाई! हीच एकदा कुरकुरत होती, सकाळी नको गं, दहानंतर पाठवायला सांग त्यांना. मी म्हटलं, काकू, गुडगावची मशीन तुझ्या सोवळ्यासाठी थांबायची नाही. लागलं ना वळण!

२३ सप्टेंबर

रामनगरला केबल तुटली. रामलीलेच्या दुकानांसाठी कुणीतरी खड्डे खणले, त्यात आपली लाइन गेली. काकूला फोन केला तर ती निवांत. म्हणाली, पितृपक्षात कोण नवी ऑर्डर देतंय, होईल सावकाश.

मीही निश्चिंत आहे. ऑर्डर आलीच तर तिकडे बटण दाबलं जाणार नाही, आठ वाजता इथे आपल्या स्क्रीनवर लाल खूण येईल, आणि मी स्वतः नावेत बसून जाईन. यासाठीच तर ते सगळं बांधलं! बिंदूला सांगितलं, टेलिफोनवाल्यांच्या मागे लाग. तसाही रोज संध्याकाळी रामलीलेला तिकडे जातोसच.

३० सप्टेंबर

लाइन आली. आठवडाभरात लाल खूण एकदाही नाही. काकू म्हणत होती तेच खरं, ऑर्डरच आली नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार



अकराच्या सुमाराला अरोरा मॅडमचा फोन. आवाज थंड. प्रेमला गृहउद्योगाचा माल कुठे आहे? मी म्हटलं, कुठला माल? म्हणाल्या, दिवाळीच्या भेटपेट्यांत घालायच्या चार हजार आठशे बाटल्या. पाच तारखेला लखनौच्या गोदामात पोचायच्या होत्या. पेट्या उघड्या पडल्या आहेत आणि त्यात लोणच्याची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मॅडम, अशी ऑर्डरच आली नाही. त्यांनी मला वाचून दाखवलं. ऑर्डर २५ सप्टेंबर, सकाळी सहा. पोच २५ सप्टेंबर, सहा वाजून एक मिनिट.

तेव्हा रामनगरला लाइनच नव्हती! स्क्रीनवर काही दिसत नव्हतं तर बटण दाबलं कुणी?

काकूचा सप्लायर कोड गोठवला त्यांनी. पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कोड बंद. कोड बंद म्हणजे दीडशे दुकानं बंद. काकूचं दुसरं गिऱ्हाईक नाही. या साखळीसाठी तिने गोदौलियाच्या बाजारातली दुकानं सोडली, मीच सोडायला लावली. अकरा बायका आहेत तिच्याकडे. काय सांगू तिला?

फोन केला. म्हणाली, अगं, मला तर काहीच दिसलं नाही. मग शोधायला लावलं तर ऑर्डर सापडली, "जुन्या" ऑर्डरींच्या यादीत. पोच गेलेली ऑर्डर दिवस संपला की आपोआप तिकडे सरकते ना. लाइन आली तोवर ती तिथे गुपचूप जाऊन बसली होती. काकूने तारीख दोनदा वाचून दाखवली. मग म्हणाली, बिंदूला विचारलंस का?

मी म्हटलं, बिंदू काय करणार यात?

८ ऑक्टोबर

सबंध दिवस नोंदी चाळल्या. सापडलं. ११ जुलै, दुपारी पावणेचार. फक्त काकूच्या कोडासाठी नियम बदललाय. ऑर्डर आपल्या सर्व्हरवर आली की एका मिनिटाने पोच आपोआप जाईल, बटणाची गरज नाही.

लॉगिन बिंदुमाधवचं.

तीनदा वाचलं. तरी तेच नाव.

९ ऑक्टोबर

विचारलं. वाटलं होतं, म्हणेल कुणीतरी माझा पासवर्ड चोरला. मी विश्वासही ठेवला असता, देवाशपथ. पण नाही! म्हणाला, हो, मी केलं. का? म्हणाला, सोपं जात होतं. कुणाला सोपं? मला का नाही सांगितलंस? त्यावर म्हणाला, "केबल तुटली तेव्हा बंद करायला हवं होतं. विसरलो. चूक माझीच आहे, लता."

बस! एवढंच! जसं काही दूध आणायला विसरला.

तीन महिने! तीन महिने मी "सहा वाजून एक मिनिट, सहा वाजून एक मिनिट" म्हणून नाचत होते, आणि हा समोर बसून चहा पीत होता. शंभरपैकी शंभर आले तेव्हा हसलासुद्धा. कशावर हसला असेल? माझ्यावरच!

मला सख्खा भाऊ नाही. सातवीपासून भाऊबीजेला यालाच ओवाळते. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दोघांनी गणितं सोडवली, परीक्षा दिल्या, नोकऱ्या सोडल्या, हे ऑफिस काढलं. बटण हवंच म्हणून मी भांडले तेव्हा सगळ्यांत आधी हाच म्हणाला होता, लताचं बरोबर आहे. आणि पाठीमागून ते काढून टाकायलाही हाच!

१० ऑक्टोबर

त्याला ओढून रामनगरला नेलं. काकूसमोर कबूल कर म्हटलं. नावेत दोघं दोन टोकांना बसलो होतो. पाणी अजून गढूळच आहे.

आम्ही पोचलो तेव्हा काकू अंगणात बाटल्या पुसत होती. सकाळी साडेपाच ते दहा ती सोवळ्यात असते. मोठ्या बरण्यांत हात फक्त तिचाच जातो, बाटल्या तीच भरते. झाकणं आणि लेबलं मग बाकीच्या बायका. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. काकू आमच्या शेजारी राहायची, आईची मैत्रीण. दोन वर्षं माझी वेणी तिने घातली, शाळेचा डबा तिने दिला. तिच्या अंगणात उभं राहून सांगायचं म्हणजे काय ते मलाच माहीत.

सांगितलं सगळं. म्हटलं, काकू, याने तुझ्या नावाने खोटी पोच पाठवली, जुलैपासून रोज. तुला न विचारता. तुझा कोड याच्यामुळे जातोय.

वाटलं, त्याला चार शब्द ऐकवेल. पण काकू तीच एक बाटली पुसत राहिली. बिंदूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बिंदू म्हणाला, "काकू, तुम्ही काही बोलू नका. माझं चुकलंय." आणि काकू खरंच काही बोलली नाही! शेवटी एवढंच म्हणाली, जाऊ दे गं लता, मुलगा वाईट नाही.

केवढं मन त्या बाईचं. मला मात्र रडू आलं, रागाने. परत येताना दुसऱ्या नावेत बसले.

११ ऑक्टोबर

अरोरा मॅडमशी अर्धा तास. त्यांनी करार उघडून दाखवला, नियम सरळ आहे. सप्लायरने स्वतः न पाहता पोच पाठवली, किंवा पाठवायला सांगितली, तर कोड कायमचा बंद, पुन्हा अर्ज नाही. मधल्या कंपनीच्या माणसाने सप्लायरला न कळवता केलं असेल, तर सप्लायरला एक संधी, पण त्या माणसाचं नाव लेखी द्यायचं, आणि त्याचा आमच्या कामाशी संबंध संपला पाहिजे.

बिंदू बाजूलाच होता. त्याला हा करार पाठ आहे, त्यानेच तर वाचून सही केली होती. म्हणाला, माझं नाव दे.

वर तोंड करून! जणू मोठे उपकार करतोय.

१३ ऑक्टोबर, दसरा

आपटा इथे मिळत नाही. दरवर्षी बिंदू कुठूनतरी कचनारची पानं आणतो आणि बाबांना सोनं द्यायला येतो. आजही आला. बाबांनी घेतलं, पाठीवर हात फिरवला. माझ्यापुढे पान धरलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

बाबा चिडले माझ्यावर. म्हणाले, दसऱ्याला वैऱ्याचंसुद्धा सोनं घेतात. मी म्हटलं, वैऱ्याचं घेतलं असतं.

पान देव्हाऱ्यासमोर ठेवून गेलाय.

१४ ऑक्टोबर

मेल पाठवली. चार वेळा लिहिली, चार वेळा खोडली. शेवटी असं लिहिलं — "हा बदल आमचे भागीदार बिंदुमाधव यांनी सप्लायरच्या आणि माझ्या अपरोक्ष, परस्पर केला. सप्लायरला याची काहीही कल्पना नव्हती." प्रत बिंदूला. हो, मुद्दाम! पाठीमागून करायची सवय मला नाही.

पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं. "बरोबर आहे."

१५ ऑक्टोबर

जेवण जात नाही. मी का म्हणून उपाशी? मी काय केलंय?

१७ ऑक्टोबर

काकूचा कोड मोकळा झाला! सकाळी पत्र आलं. दिवाळीच्या पेट्या गेल्या त्या गेल्या, पण २३ तारखेपासून नेहमीच्या ऑर्डरी सुरू. अट एकच, तीच. बिंदूचं लॉगिन मी स्वतःच्या हाताने बंद केलं. काकूच्या कोडावर बटण परत लावलं. आता कोण हात लावतो बघू.

काकूला फोन केला. खूश होईल वाटलं. तिने विचारलं, "आणि बिंदूचं काय?" सांगितलं. मधेच फोन कट झाला. मला वाटलं लाइन गेली परत.

१८ ऑक्टोबर, कोजागिरी

बिंदू किल्ल्या द्यायला आला. पुण्याला जातोय म्हणे, मावसभावाच्या कंपनीत. म्हणजे सगळं ठरवूनच बसला होता की काय! टेबलाच्या खणातलं सामान एका पिशवीत मावलं. अकरा वर्षांचं. दारात थांबून म्हणाला, "काकूची सकाळची वेळ तेवढी सांभाळ."

शेवटचं बोलणं काय, तर मलाच कामाचा धडा! मी मान वर केली नाही. गेला. जिना उतरताना चपलेचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येतो आपल्या ऑफिसात, हे आजच लक्षात आलं.

बाबांनी आटवलेलं दूध दिलं, घेतलं नाही. यंदा भाऊबीजेला ताट करणार नाही, हे पण सांगून टाकलं त्यांना.

२१ ऑक्टोबर

आता बाबासुद्धा!

जेवताना मी म्हणत होते, तुम्ही असतात तर असं केलं असतं का? ज्याची त्याची सही घेतल्याशिवाय पावती परत नेली असतीत का? बाबा भात कालवत बसले. मग म्हणाले, नेली आहे की, पुष्कळदा. मला वाटलं थट्टा करताहेत. तर म्हणाले, "अगं, सकाळच्या डाकेला निम्म्या बायका सोवळ्यात असायच्या. त्या कागदाला शिवणार कशा? पत्र उंबऱ्यावर ठेवायचो आणि पावतीवर मीच त्यांचं नाव लिहायचो. एकीचंही पत्र कधी हरवलं नाही."

मी ताटावरून उठले. मी लहानपणापासून ज्या गोष्टीची टिमकी वाजवतेय, ती गोष्टच खरी नाही! माझं अख्खं बटण त्यावर उभं आहे! बाबा मागून म्हणत होते, यात चिडायचं काय? त्यांना काय सांगू. बिंदूने फसवलं, ते कळलं. बाबांनी असं हसत हसत सांगावं?

२३ ऑक्टोबर

काकूची पहिली ऑर्डर, सकाळी सहाला. साडेसहा. सात. साडेसात, पोच नाही. फोन केला, उचलला नाही. आठ वाजता लाल खूण. पोच गेली दहा वाजून दहा मिनिटांनी.

गुडगावहून ताकीद.

२४ ऑक्टोबर

आजही दहा वाजून पाच. दुसरी ताकीद, आता तिसरी आली की संपलं. एवढा जीव काढून कोड परत आणला आणि काकूला एक बटण दाबायला होत नाही! उद्या सकाळीच जाते. आठच्या आत पोच घेऊनच उठेन. या वेळी तिचं वय बघणार नाही, स्पष्ट बोलणार आहे.

२५ ऑक्टोबर

सहाला रामनगर. काकू आतल्या खोलीत, सोवळ्यात, कोपरापर्यंत हात बरणीत. स्क्रीन अंगणात वाजली. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "लता, तूच दाब गं. मला शिवता येत नाही. शरदिनी गेल्यावर बिंदूने ते आपोआप करून दिलं होतं ना, तसंच परत करून दे."

मी म्हटलं, तू सांगितलं होतंस त्याला?

"मीच. दहा वाजता सोवळं सुटलं की रोज बघत होते मी ऑर्डर. तुला सांगू नकोस म्हणून तुझ्याच गळ्याची शपथ घातली त्याला. तू रागावतेस फार." मग म्हणाली, "त्या दिवशी बोलणार होते. पण त्याने आदल्या रात्री फोन केला होता. म्हणाला, काकू, तुम्ही सांगितलंत असं लताला कळलं तर ती खरं तेच लिहील, आणि तुमचा कोड कायमचा जाईल."

बटण मी दाबलं. काकूच्या नावाने. सहा वाजून एक मिनिट.

बिंदूला तीनदा फोन केला, उचलत नाही. मेसेज टाकला — भाऊबीजेला ये. "पोचला" असं आलंय खाली. त्याने वाचला का, ते येत नाही.